सोडून राहिलो

आत्याला ‘सोडलं’ हा शब्द चालत नसे. एखादा मुलगा पंधरा-वीस दिवस नीट राहिला की छाती काढून तिच्यापुढे उभा राहायचा.

“आत्या, सोडलं मी.”

“कोणाले सोडलं? मायले?”

“नशा, आत्या. पुरी सोडली.”

“पुरी तं हॉटेलात भेटते. बस खाली. काय करून राहिला ते सांग.”

मुलगा जरा गोंधळायचा, बाकीचे हसायचे, मग कोणीतरी त्याला कोपराने ढोसायचं आणि तो म्हणायचा, “सोडून राहिलो.”

“हां. आज सोडून राहिला. उद्या इचारीन तं उद्या सांगजो.”

‘करून राहिलो’ म्हणजे करतो आहे, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. मलाही लागायला नको होतं. माझा जन्म अमरावतीचा. पण आमच्या घरात वऱ्हाडी फक्त कामाला येणाऱ्या बाईंशी आणि गावाकडून आलेल्या पाहुण्यांशी बोलली जायची. मी चुकून ‘मले’ म्हटलं तर आई जेवणाच्या ताटावरून डोळे वर करून बघायची. शाळा कॉन्व्हेंटची, पुढचं शिक्षण पुण्यात. समुपदेशक म्हणून मुलांच्या या व्यसनमुक्ती केंद्रात नोकरी लागली तेव्हा मला इंग्रजीत चार प्रकारचे सल्ले देता येत होते आणि मराठीत अर्ज लिहिता येत होता. समोरच्या मुलाचं बोलणं मात्र मी मनातल्या मनात शुद्ध करून ऐकायचे.

केंद्रात येणारी मुलं चौदा ते अठरा वयाची. कोणी मोबाइल चोरलेला, कोणी मारामारीत सापडलेला, आणि सोबत नशा. पंक्चरचं सोल्यूशन, गांजा, झोपेच्या गोळ्या. बाल न्याय मंडळ त्यांना सहा महिन्यांसाठी आमच्याकडे पाठवायचं. आत्या तिथे आठवड्यातून तीन दिवस मानसेवी म्हणून यायची. आधी तीस वर्षं ती अकोल्यात नर्स होती. तिला सिस्टर म्हटलेलं आवडत नसे. मावशी म्हटलं की म्हणायची, “मावशी लाड करते. मले आत्या म्हणा. आत्याले कान पिरगाळाचा हक असते.” शेवटी अधीक्षकसुद्धा तिला आत्याच म्हणायला लागले. मला ती ‘कॉन्व्हेंट’ म्हणायची. “ओ कॉन्व्हेंट, इकडं ये.” मुलांच्या देखत. मला त्याचा राग यायचा, आणि तो मी कधी दाखवला नाही.

मनगटाच्या आतल्या बाजूला पुरुषी घड्याळ, खांद्याला रेक्झिनची पिशवी, आणि पिशवीतून बाहेर आलेल्या सांबाराच्या जुड्या. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यात मी भाजीवाल्याला सांबार मागितला होता तेव्हा त्याने मला हॉटेलचा पत्ता सांगितला होता. आत्याचं माहेर पातूरजवळ, भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. भावाच्या वाडीतला माल ती घेऊन यायची. वर्तमानपत्र पसरायची, मुलांना गोल बसवायची आणि प्रत्येकापुढे एक जुडी टाकायची. हेच तिचं समुपदेशन. मी माझ्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडून, डोळ्यांत बघून विचारायचे, “तुला त्या वेळी काय वाटलं?” मुलं माझ्या मागच्या कॅलेंडरकडे बघायची. तिकडे सगळ्यांच्या माना खाली, बोटं देठांत, आणि कोणीतरी आपणहून सांगत असायचं की बापाने त्याला पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कसं पाजलं. आत्या मध्येच बोलायची, “पिवळं पान काढ बे.” मुलगा पान काढायचा आणि पुढचं सांगायचा.

नव्या मुलाला ती काय घेतो, किती घेतो हे कधीच विचारत नसे. ते कागदात लिवलं हाये म्हणायची. दोनच प्रश्न. “झोप येते काय?” आणि “तुह्या घरी दार कोण उघडते?”

या दुसऱ्या प्रश्नावर तिचा सगळा भरवसा होता. मुलगा घरी गेल्यावर आतून दार उघडणारं कोणी असेल तर त्याचं काही होऊ शकतं, नसेल तर आपण इथे सहा महिने नुसतं तांदूळ शिजवून घालतो, असं तिचं म्हणणं. आणि मुलाच्या उत्तरावर ती विश्वास ठेवत नसे. एसटीने त्याच्या गावी जायची, दार वाजवायची आणि कोण उघडतं ते बघायची. न कळवता. एकदा एका बापाने तिला वसुलीवाली समजून मागच्या दाराने पळ काढला होता. ते सांगताना ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची आणि मग एकदम म्हणायची, “भैताड. पोट्ट्यासाठी इतका पयाला असता तं?”

तिचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. सेमाडोहकडच्या एका मुलाला तिने पहिल्याच आठवड्यात टाकून दिलं होतं. त्याचं दार उघडणारं कोणी नव्हतं. मुळात दारच नव्हतं. “याचं काही होत नाही,” असं ती त्याच्यासमोर म्हणाली. तो मुलगा आज परतवाड्यात गाड्यांचं वायरिंग करतो आणि मला सणाला मेसेज पाठवतो. मी तिला हे सांगितलं होतं. ती म्हणाली, “असंन.” बस. चूक कबूल करायची वेळ तिने स्वतःवर कधी येऊ दिली नाही, माझ्यावर मात्र आणली.

केंद्राच्या व्हरांड्यात एक मोठा फलक होता. वर ‘आमचे व्यसनमुक्त’ आणि खाली मुलांचे पासपोर्ट साइज फोटो. चेहरे झाकलेले नसत. आत्या त्याच्यापुढून जाताना पदर डोक्यावर घ्यायची आणि हात जोडायची. पहिल्यांदा मला कळलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, “भिंतीवर फोटो लागला म्हंजे माणूस गेला ना? हार कवा घालतात ते इचार तुह्या साहेबाले.”

अधीक्षकांनी ते ऐकलं होतं. ते हसले नाहीत.

सागर बाळापूरचा. सतरा वर्षं पूर्ण झालेली. दोन मोठ्या पोरांबरोबर मोटरसायकल चोरताना सापडला होता. तेराव्या वर्षापासून सोल्यूशन, मग गोळ्या. गळ्यात काळ्या दोऱ्यात किल्ली. केंद्रात आल्यावर ती काढून, पाकिटात घालून, पाकिटावर नाव लिहून कपाटात ठेवली. आत्याने त्याला विचारलं, “दार कोण उघडते?” त्याने गळ्याला हात लावला. “मीच.”

त्याच्या घरी ती मला घेऊन गेली. दाराला कुलूप होतं. आई भाजी विकायला पहाटेच अकोल्याला जायची, यायची ती दिवेलागणीला. बाप नव्हता. आत्या पायरीवर बसली आणि समोर बघत राहिली. समोर, दहा पावलांवर, पंक्चरचं दुकान. दोन पोरं तिथे भिंतीला टेकून बसली होती, तोंडाशी फडकं धरून. दुपारचे बारा वाजले होते.

“पाय,” तिकडे बोट दाखवून आत्या मला म्हणाली. “डोळे उघडले का दुकान, कुलूप उघडलं का दुकान. याले मी वापस इथं धाडू काय?”

मग तिने तिचं काम सुरू केलं. सागरचा मामा पातूरजवळ वांगी आणि सांबार लावायचा. त्याच्याकडे ती तीनदा गेली. मामा भला माणूस होता, पण खोली एकच. “पोरीचं लगन हाये, आत्या. ते सासरी गेली का खोली मोकळी. दोन महिन्यानं आना त्याले, मी सोता घ्याले येतो.” मामी घरात असायची, दार दिवसभर उघडं. आत्याने येताना एसटीत माझ्या गुडघ्यावर थाप मारली. तिने मला स्पर्श केल्याची तेवढीच एक वेळ. “दोन महिने, कॉन्व्हेंट. तवरीक तो इथंच पायजे.”

सागरचे आमच्याकडे अजून दोन महिने आणि वर चार दिवस बाकी होते. हिशेब बरोबर जुळत होता. मी तो बिघडवला.

दर महिन्याला मंडळाकडे अहवाल जायचा. त्यात एक रकाना: ‘सेवनाबाबत सद्यस्थिती, मुलाच्या निवेदनानुसार’. मी सागरला खुर्चीत बसवून विचारलं, “सेवनाचं काय?” तो कॅलेंडरकडे बघत म्हणाला, “सोडून राहिलो ना, ताई.”

मी ते शुद्ध केलं. सोडून. राहिलो. म्हणजे सोडलं आणि तसाच राहिला. मी सुंदर अक्षरात लिहिलं: ‘मुलाने सेवन पूर्णपणे सोडले असून तो त्यापासून दूर राहिला आहे.’ ते वाक्य मला आवडलं होतं हे मला आठवतं. मी ते दोनदा वाचलं होतं.

मंडळाने अहवाल पाहून त्याला मुदतीआधी घरी सोडण्याचा आदेश दिला. मंडळाला तरी काय म्हणणार? समुपदेशकाने लिहून दिलं होतं. आदेश मंगळवारी आला, आत्याचा तो दिवस नव्हता. सागरची आई अकोल्याहून रिकामी टोपली घेऊनच त्याला न्यायला आली. अधीक्षकांनी फलकासाठी त्याचा फोटो घेतला. मी कपाटातून पाकीट काढलं, किल्ली त्याच्या हातात दिली आणि रजिस्टरवर त्याची सही घेतली. त्याने किल्ली गळ्यात घातली. मला वाटलं, छान झालं.

बुधवारी आत्या आली. तिने अहवालाची प्रत मागून घेतली, माझ्या खोलीत आली आणि दार लावलं. आवाज चढवला नाही. मी तिच्या चढलेल्या आवाजाला सरावले होते. हा मला माहीत नव्हता.

“त्यानं काय म्हटलं होतं?”

“सोडून राहिलो.”

“मंग तू काय लिवलं?”

मी वाचून दाखवलं.

“पोट्टं म्हणून राहिलं का आज सोडून राहिलो. चालू हाये म्हणते. हातात हाये म्हणते. तू त्याले पुरं करून टाकलं. फोटो लावून टाकला त्याचा.” मग ती म्हणाली, “वऱ्हाडात जन्मली ना तू? का हवाई जहाजातून पडली?”

बोलायचं नसलं की मी बोलत नाही, आणि लोक त्याला नम्रपणा समजतात.

तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. अर्ध्या पानाचं पत्र: माझी भाषेची चूक झाली, मुलाचा उपचार पूर्ण झालेला नाही, त्याला परत बोलवावं. “तो अजून अठराचा झाला नाही. आता बोलावता येते. अठरा झाला का तो आपला नाही, जेलचा हाये.” मी ते पत्र त्याच दिवशी लिहिलं आणि अधीक्षकांकडे नेलं. ते म्हणाले, “मॅडम, यशस्वी म्हणून गेलेलं नाव मागे घेतलं तर बाकीच्या नावांवरही शंका घेतील. तुमची नोकरी नवीन आहे. पत्र माझ्याकडे राहू द्या.” पत्र त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेलं. मी बाहेर आले. दुसरी प्रत काढून स्वतः मंडळाकडे जायला रिक्षाने पंधरा मिनिटं लागली असती. मी आठ दिवस गेले नाही. आजारी नव्हते, कामात नव्हते. फक्त तिथे चारचौघांत उभं राहून ‘मला माझ्याच गावची भाषा समजली नाही’ असं म्हणायची मला लाज वाटत होती. त्या लाजेचा मला अजून राग येतो. ती इतकी लहान होती.

आत्या एकटीच गेली. तिथे तिला विचारलं गेलं, “आपलं पद काय?” ती म्हणाली, “आत्या.” हे मला नंतर शिपायाने हसत हसत सांगितलं. मी हसले नाही, एवढं मात्र मी करू शकले.

नवव्या दिवशी मी दुसरी प्रत घेऊन गेले. पत्र घेतलं गेलं, शिक्का मारला गेला. पुढची तारीख मिळेपर्यंत सागर अठरा वर्षांचा झाला होता. आणि अठरा झाल्यावर अकराव्या दिवशी तो बाळापुरातच एका दुकानाचं शटर वाकवताना सापडला. तेच दोघे मोठे सोबती. गोळ्या घेतलेल्या होत्या. पळतानासुद्धा त्याला धड पळता आलं नव्हतं. मामाच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात होतं.

फलकावरचा त्याचा फोटो तसाच होता.

पुढच्या महिन्यात केंद्राची तपासणी झाली. पाहुण्यांना व्हरांड्यात गोल बसून सांबार निवडणारी मुलं दिसली. त्यांच्या शेऱ्यात आलं की मुलांकडून श्रम करून घेतले जातात. अधीक्षकांना तेवढं पुरलं. बालमजुरी! ज्या मुलांना विटांच्या भट्टीवरून, हॉटेलांच्या मोऱ्यांवरून कोणी कधी उठवलं नाही, त्यांच्या हातातली कोथिंबिरीची जुडी काढून घेण्यात आली, त्यांच्या हक्कांसाठी. मानसेवी सेवा थांबवण्यात येत आहे असं आत्याला पत्र दिलं, आणि वर निरोप समारंभही ठेवला. शाल आणि नारळ. अधीक्षक भाषणात म्हणाले, “आत्यांच्या हातून कितीतरी मुलं व्यसनमुक्त होऊन गेली. हा फलक साक्षीला आहे.”

आत्या उठली. सगळ्यांना वाटलं आभार मानेल. ती फलकापाशी गेली, नखाने टाचणी उपसली आणि सागरचा फोटो काढला. मग माझ्यापाशी येऊन तो माझ्या मांडीवर ठेवला.

“घे. तुह्या हातचा हाये.”

शाल तिने खुर्चीवरच सोडली. नारळ नेला. “चटणीले होते,” म्हणाली.

त्यानंतर काही महिन्यांनी मला एका वकिलांचा फोन आला. सागरला सरकारी मदतीतून मिळालेले वकील. त्याला जामिनावर उपचारासाठी पाठवावं असा त्यांनी अर्ज केला होता. समोरच्या बाजूने एक कागद पुढे केला होता: हा मुलगा उपचाराने पूर्ण बरा झाला होता, तरी जाणूनबुजून पुन्हा नशेकडे वळला, याला आणखी उपचार कशाला? तो कागद म्हणजे माझं वाक्य. ‘पूर्णपणे सोडले असून.’ ते सुंदर अक्षर न्यायालयात पोचलं होतं आणि अजून काम करत होतं.

मी अकोल्याला तुरुंगात सागरला भेटायला गेले. जाळीपलीकडे तो बारीक झालेला दिसला. मी सगळं सांगायला सुरुवात केली तर म्हणाला, “जाऊ द्या ना, ताई. तुमी लिवलं म्हून थोडंच? मीच गेल्तो तिकडं.” मला त्याचं हे मोठेपण सहन झालं नाही. अठरा वर्षांच्या मुलाने माझी बाजू सावरावी! मी म्हटलं, “तू गप्प बस.” तो दचकला. माझा आवाज चढलेला त्याने कधी ऐकला नव्हता. मीही नव्हता.

मग त्याने विचारलं, “आत्या आनते काय अजून सांबार?”

“नाही. तिला काढलं.”

“काऊन?”

मी सांगितलं. तो बराच वेळ जाळीच्या तारेवरून बोट फिरवत राहिला. वेळ संपल्याची हाक आली तेव्हा उठता उठता म्हणाला, “तिले सांगजा, सोडून राहिलो म्हणा. इथं कोणी इचारत नाही, पन सोडून राहिलो.”

मी वकिलांकडे गेले आणि प्रतिज्ञापत्र दिलं. मुलगा काय म्हणाला होता, वऱ्हाडीत त्याचा अर्थ काय, मी काय लिहिलं आणि कोणत्या कारणाने आठ दिवस गप्प राहिले, सगळं. टाइप करणाऱ्याने ‘सोडून राहिलो’च्या जागी ‘सोडत आहे’ करू का, असं विचारलं. मी म्हटलं, आहे तसं राहू दे. अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. केंद्राने मला कारणे दाखवा नोटीस दिली आहे. तीही शुद्ध भाषेत आहे.

त्याच आठवड्यात मी पातूरला गेले. आत्या भावाच्या अंगणात पोतं अंथरून बसली होती, पुढे सांबाराचा ढीग. मला बघून तिने मान वर केली नाही. बस म्हणाली नाही. मी उभीच राहिले आणि प्रतिज्ञापत्राचं सांगितलं.

“आता देल्लं?”

“हो.”

“तवा द्याचं होतं.”

“हो.”

ती जुड्या बांधत राहिली. मी म्हटलं, “सागरला भेटले. त्याने निरोप दिलाय.”

तिचे हात थांबले. “त्याच्याच बोलीत सांग. तुह्या नको.”

आयुष्यात मी हे कधी मोठ्याने बोलले नव्हते. “तिले सांगजा, सोडून राहिलो म्हणा.”

“सोडलं म्हटलं काय?”

“नाही.”

“नक्की इचार कर. सोडलं नाही म्हटलं?”

“नाही म्हटलं. सोडून राहिलो म्हणे. इथं कोणी इचारत नाही, पन सोडून राहिलो.”

तिने घड्याळाचं मनगट डोळ्यांवरून एकदा फिरवलं. मग ढिगाचा अर्धा भाग माझ्या बाजूला लोटला. मी खाली बसले.

“माफ नाही केलं तुले,” ती म्हणाली. “हात रिकामे दिसले म्हून देल्लं. पिवळं पान काढ.”